बोअरच्या पाण्यावरचा फिशटँक आणि नायट्रेट: एप्रिल ते सप्टेंबरच्या नोंदी

7 एप्रिल

टँक 3 फूट लांब, 1 फूट रुंद, सव्वा फूट उंच. वाळू, दगड, लाकूड वजा केलं की पाणी साधारण 90 लिटर. आत 4 एंजेल, 8 विडो टेट्रा, 5 कॉरी आणि एक सकर (काचेला चिकटून शेवाळ खाणारा मासा), जो आणला तेव्हा बोटाएवढा होता आणि आता चांगला वीतभर झालाय. एक इंटर्नल पॉवर फिल्टर, सोबत स्पंज फिल्टर. राहायला वाघोलीत, सोसायटीला बोअर आणि टँकर मिळून पाणी येतं. दर रविवारी 30 टक्के पाणी बदलते.

अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, तरी काच पुसली की तीन-चार दिवसांत हिरवा थर परत हजर आणि दोन एंजेलच्या पंखांच्या कडा झिजल्यासारख्या दिसतायत. माशांच्या घाणीतून आणि खाण्यातून शेवटी नायट्रेटच बनतं, म्हणून त्याचं लिक्विड किट मागवलं, 1150 रुपये. आज पहिली टेस्ट केली तर रंग पिवळट केशरी, म्हणजे 10 पीपीएम (लिटरमागे 10 मिलिग्रॅम). हा आकडा पटत नाहीये, एवढे मासे आणि एवढं खाणं असताना 10 कसं काय.

10 एप्रिल

किटचा खुलासा झाला. नायट्रेटच्या दोन बाटल्यांपैकी दुसऱ्या बाटलीत बारीक पावडर असते आणि ती तळाशी घट्ट बसते. ती पूर्ण मिसळली नाही तर वरचं नुसतं पाणीच ट्यूबमध्ये पडतं आणि रीडिंग खोटं कमी येतं. पत्रकात लिहिलंय की बाटली 30 सेकंद जोरात हलवा, थेंब टाकल्यावर ट्यूब पूर्ण 1 मिनिट हलवा, मग 5 मिनिटं थांबा. नवीन बाटली तर आधी ओट्यावर बुडाने चार-पाच वेळा आपटावी लागते, मग आत काहीतरी सुटल्याचं हाताला कळतं. तसं केलं आणि त्याच पाण्याचा रंग गडद लाल आला.

आता दुसरी अडचण अशी की 40 आणि 80 चे लाल चौकोन डोळ्याला जवळपास सारखेच दिसतात, ट्यूबलाइटखाली तर अजिबात फरक कळत नाही. त्यावर उपाय म्हणजे पाणी पातळ करून मोजायचं. मेडिकलमधून सुईशिवायची सिरिंज आणली, बॅटरीवाल्याकडून डिस्टिल्ड वॉटरची बाटली 30 रुपयांना. टँकचं 5 मिली, डिस्टिल्ड 15 मिली, नीट ढवळून त्यातलं 5 मिली ट्यूबमध्ये घेतलं आणि आलेल्या आकड्याला 4 ने गुणलं. पातळ करायला घरचं आरओचं पाणी घेऊ नका, त्यात स्वतःचं थोडं नायट्रेट असतंच.

आकडा आला 30, म्हणजे टँकमध्ये 120 पीपीएम. माझं टार्गेट 40 च्या खाली, जमलं तर 20.

14 एप्रिल

निम्मं पाणी बदललं. हिशोबाने 120 चं 60 व्हायला पाहिजे होतं, तासाभराने मोजलं तर 90 च्या आसपास. दोनदा मोजलं, तेच. मग नळाचं पाणी मोजलं आणि तिथेच सगळं उलगडलं, नळालाच 60 आहे!

म्हणजे मी दर रविवारी बादल्या भरभरून नायट्रेट आत ओतत होते. मधल्या रीडिंगवरून आठवड्याला साधारण 20 पीपीएम टँकमध्ये स्वतःचं तयार होतंय. आता नळाला 60 असताना दर आठवड्याला 50 टक्के बदललं तरी पाणी बदलायच्या आधी 100 आणि बदलल्यानंतर 80 याच्या खाली टँक कधीच जाणार नाही, वर्षभर करत बसलं तरी. 30 टक्क्यांवर तो बदलायच्या आधी 120 च्या पुढेच राहणार आणि तेच झालेलं होतं. हे ज्याला कोणाला करायचंय त्याने टँकच्या आधी नळ मोजावा, बाकी सगळं नंतर.

17 एप्रिल

आज माशांचं बाजूला राहिलं. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची आपल्याकडची मर्यादा 45 मिलिग्रॅम प्रति लिटर आहे, आणि आमच्या नळाला किटप्रमाणे 60. आमच्या वरच्या मजल्यावर चार महिन्यांचं बाळ आहे, त्याला वरचं दूध सुरू आहे आणि पावडर कालवायला पाणी उकळून घेतात. उकळून नायट्रेट जात नाही, पाणी आटतं आणि ते उलट थोडं वाढतं. तुरटीनेही जात नाही. लहान बाळांना त्याने रक्तात ऑक्सिजन वाहून नेण्याचा त्रास होतो, अंग निळसर पडतं. मी लगेच वर जाऊन बाळाच्या आईला सांगितलं की किटवर शंभर टक्के विश्वास ठेवू नकोस पण रिपोर्ट येईपर्यंत बाळाला तरी दुसरं पाणी वापर. ती आधी घाबरली, मग म्हणाली ताई बरं झालं बोललात. कमिटीला सांगून बोअरचं सॅम्पल लॅबला पाठवलं.

26 एप्रिल

लॅबचा रिपोर्ट आला. कमिटीतले एक काका म्हणाले, "अहो 13 आहे, मर्यादा 45 आहे, कशाला टेन्शन घेताय." रिपोर्ट हातात घेऊन नीट बघितला तर तिथे नायट्रेट नायट्रोजनच्या हिशोबात दिलेलं होतं, 13.1. त्याला 4.43 ने गुणायचं, म्हणजे 58. 45 ची मर्यादा अख्ख्या नायट्रेटची आहे, नुसत्या नायट्रोजनची नाही. काकांना कागदावर गुणाकार करून दाखवला तेव्हा ते स्वतःच ग्रुपवर मेसेज टाकायला बसले. लहान मुलांसाठी आरओचं पाणी वापरा असं सगळ्यांना कळवलंय आणि टँकरवाल्याकडेही रिपोर्ट मागितलाय.

किट 60 म्हणत होतं, लॅब 58 म्हणते, म्हणजे बाटली नीट हलवली तर किट चांगलं चालतं.

28 एप्रिल

दुकानातून नायट्रेट ओढून घेणाऱ्या रेझिनचा पाऊच आणला, 650 रुपये. फिल्टरमध्ये घातला. बॅक्टेरियाची बाटलीही घ्या असं दुकानदार म्हणत होता, ती घेतली नाही, कारण ते बॅक्टेरिया अमोनियाचं शेवटी नायट्रेटच बनवतात आणि ते तर माझ्याकडे भरपूर आहे. कोळशानेही नायट्रेट निघत नाही.

5 मे

पाऊचचा निकाल: पहिल्या दोन-तीन दिवसांत 90 चं 75 झालं आणि मग थांबलं, आज परत 85. मिठाच्या पाण्यात भिजवून तो रिचार्ज केला, पुन्हा तेच. लॅबच्या रिपोर्टमध्ये सल्फेटही बऱ्यापैकी आहे आणि साधं रेझिन नायट्रेटच्या आधी सल्फेटच धरतं. बोअरच्या जड पाण्यावर हा खर्च करू नका, मऊ पाणी असेल तर कदाचित चालेल.

8 मे

आता मोर्चा घरच्या आरओकडे. त्याचं पाणी मोजलं तर नायट्रेट 20! आरओने 60 चं एवढंच कमी करावं हे पटेना. सर्व्हिसवाल्या मुलाला बोलावलं, त्याने झाकण काढून आत एक छोटा स्क्रू दाखवला, टीडीएस कंट्रोलर (टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार). पाणी अगदी फिकं लागू नये म्हणून तो थोडं कच्चं पाणी मेंब्रेनला (गाळणाऱ्या पडद्याला) वळसा घालून गाळलेल्या पाण्यात मिसळतो. कच्च्या पाण्याबरोबर नायट्रेटही परत येतं, आणि हेच पाणी आपण पितोय. स्क्रू पूर्ण बंद केला. आधी टीडीएस 190 होता तो 45 झाला, नायट्रेट 5 ते 10 च्या मध्ये. सासूबाई म्हणाल्या चव बदलली, मी म्हटलं चार दिवसांत सवय होईल, आणि झाली. ज्यांच्या घरी बोअरचं पाणी आणि आरओ आहे त्यांनी हा स्क्रू नक्की तपासून घ्या, टँक असो वा नसो.

11 मे

नुसतं आरओचं पाणी भरायचं नाही. त्यात क्षारच नसतात, टँकचा पीएच सांभाळणारं काही उरत नाही आणि तो एकदम ढासळू शकतो. तीन भाग आरओ आणि एक भाग बोअर असं ठरवलंय. या मिश्रणात नायट्रेट साधारण 20, टीडीएस 200 च्या आसपास.

टँकचा टीडीएस मोजला तर 920 आहे. इतके दिवस त्यात राहिलेल्या माशांना एका झटक्यात 50 टक्के असं पाणी दिलं तर नायट्रेट उतरेल पण मासे शॉकने जातील. म्हणून एक दिवसाआड 10 लिटर, एवढंच. आणि तेही बारीक एअर पाइपमधून थेंब थेंब, वरच्या शेल्फवर बादली ठेवून. अर्धा-पाऊण तास जातो, पण त्या वेळात भाजी निवडून होते.

आरओचं वाया जाणारं पाणी बरंच निघतं, 1 लिटरमागे जवळजवळ 3 लिटर. ते फरशी पुसायला आणि संडासात वापरतोय. ते टँकमध्ये चुकूनही टाकायचं नाही, बोअरमधलं सगळं त्यात अजून दाट झालेलं असतं.

19 मे

टँक 75. उतरतोय पण हिशोबापेक्षा हळू, म्हणून कुठून भर पडतेय ते शोधलं.

उन्हाळ्यामुळे टँकवर क्लिपचा पंखा लावलाय, पाणी 32 डिग्रीच्या वर जाऊ नये म्हणून. त्याने रोज जवळपास 2 लिटर पाणी उडतं आणि लेव्हल कमी दिसली की घरातलं कोणीही नळाचा मग भरून ओततं. उडून जातं ते फक्त पाणी, नायट्रेट आतच राहतं, आणि वरून 60 वालं पाणी. आठवड्याला 14 लिटर गुणिले 60, भागिले 90, म्हणजे 9 पीपीएम नुसत्या टॉपअपमधून! मी आठ दिवस आरओने जे काढत होते त्यातलं बरंचसं मगाने परत आत येत होतं. आता टँकशेजारी आरओच्या पाण्याची झाकणवाली कॅन ठेवलीये आणि तिच्यावर चिठ्ठी, "फक्त यातलंच पाणी". टॉपअपला नुसतं आरओ चालतं कारण क्षार आतच असतात.

26 मे

खाण्याचा हिशोब. सोनं मोजायच्या छोट्या काट्यावर, 350 रुपयांना मिळाला, आमची रोजची "चिमूट" मोजली. मी टाकते ती 0.4 ग्रॅम, मुलगा टाकतो ती 0.7, आणि दोघंही टाकत होतो, एक सकाळी, एक संध्याकाळी. म्हणजे दिवसाला 1 ग्रॅमच्या वर.

डब्यावर प्रोटीन 45 टक्के लिहिलंय. प्रोटीनचा साधारण सहावा भाग नायट्रोजन असतो. त्यावरून 90 लिटरच्या टँकमध्ये 1 ग्रॅम खाणं म्हणजे जास्तीत जास्त 3 ते साडेतीन पीपीएम नायट्रेट. थोडं माशांच्या अंगाला लागतं, थोडी घाण आपण काढतो, तरी आठवड्याला 20 कुठून येतंय ते इथे सरळ दिसतं. आजपासून दिवसाला अर्धा ग्रॅम, एकदाच, आणि आठवड्यातून एक दिवस उपास. मुलाने विचारलं उपाशी राहतील का, त्याला कॉरीचं गोल पोट दाखवलं.

2 जून

सकरचा निर्णय. "टँक साफ ठेवतो" म्हणून हा मासा विकतात, पण तो शेवाळ खातो त्याच्या कितीतरी पट घाण करतो. लाकडामागे रोज बोटभर लांब दोरे पडलेले असतात आणि तो वाढून फूटभराच्याही पुढे जातो. त्याला 90 लिटरमध्ये ठेवणं त्याच्यासाठीही वाईटच. ओळखीतल्या एकाकडे 6 फुटी टँक आहे, त्याने घेतला. नदीत किंवा तळ्यात सोडून द्या असा सल्ला दोघांनी दिला होता, कृपा करून कोणी तसं करू नका. हा बाहेरचा मासा आहे, उजनीच्या पाण्यात तो वाढल्याच्या आणि मच्छीमारांची जाळी फाटल्याच्या बातम्या आपण वाचल्यात. तो तिथे असाच कुणाच्या तरी हातून गेला असणार.

त्याचं लाकूड उचललं तर खाली दोन बोटं जाड तपकिरी गाळ. सायफनने काढला, दोन बादल्या काळपट पाणी निघालं. सगळी वाळू एकदम ढवळली नाही, एक तृतीयांश आज आणि बाकी पुढच्या दोन रविवारी. फिल्टरचा स्पंज आता दर आठवड्याला टँकमधून काढलेल्याच पाण्यात पिळते, आधी महिन्याने धुवायचे. स्पंजमध्ये अडकलेली घाण दिसत नाही म्हणून ती गेली असं नसतं, ती तिथेच विरघळून नायट्रेट होते. फिल्टरमधल्या सिरॅमिक रिंग्जना (त्यांवरही बॅक्टेरिया राहतात) हात लावला नाही, दोन्ही एकदम धुतलं तर बॅक्टेरिया जातील आणि अमोनिया वाढेल.

टँक 55.

9 जून

काल दणकून पाऊस झाला. गच्चीच्या पाइपखाली ड्रम लावला, भरला, टीडीएस 30, मन खूश झालं. पण टेस्ट केली तर अमोनिया 1 पीपीएम! आमच्या गच्चीवर कबुतरांचा मुक्काम आहे आणि ती सगळी विष्ठा धुऊन ड्रममध्ये आली होती. ते पाणी कुंड्यांना घातलं.

आता गच्चीच्या मधोमध चार काठ्यांना नवीन प्लॅस्टिकचा कागद बांधून मध्ये भोक आणि खाली ड्रम, म्हणजे पाणी आभाळातून थेट कागदावर. पावसाची पहिली दहा-पंधरा मिनिटं ड्रमचं झाकण लावून ठेवायचं, मग उघडायचं. डास होऊ नयेत म्हणून तोंडाला जुन्या धोतराचं दुहेरी फडकं घट्ट बांधलंय.

16 जून

नवीन ड्रमचं पाणी: टीडीएस 12, अमोनिया शून्य, नायट्रेट स्वच्छ पिवळं, म्हणजे शून्य. आरओच्या जागी आता पावसाचं पाणी, प्रमाण तेच, तीन भाग पाऊस आणि एक भाग बोअर. मिश्रणाचं नायट्रेट 15. आरओ मशीनला आराम, वाया जाणारं पाणीही बंद.

30 जून

पावसाळ्यात गढूळ पाणी आलं की सोसायटीच्या टाकीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकतात आणि कोणी आधी सांगत नाही. आज नळ सोडला तर वास आला, बदलाचं पाणी तयार करताना बोअरचा भाग त्यातलाच होता. थांबले, बादलीत अँटिक्लोरीन टाकून एअर स्टोन लावून रात्रभर ठेवलं. शेजारच्या विंगमधल्या एकाने न बघता भरलं, त्याचे गप्पी गेले. क्लोरीन आणि नायट्रेट यांचा एकमेकांशी संबंध नाही पण पाणी बदलायचं म्हटलं की हे बघावंच लागतं.

टँक 40.

14 जुलै

मनी प्लांटबद्दल. मे महिन्यातच सहा फांद्या लावल्या होत्या, दोन-दोन पेरं पाण्यात आणि पानं सगळी बाहेर, टँकच्या मागच्या कडेला केबलच्या क्लिपमध्ये अडकवून. पहिला महिनाभर काहीही झालं नाही, दोन फांद्या खालून कुजल्या, त्या लगेच काढून टाकल्या. एका फांदीचं पान पाण्यात बुडालेलं राहिलं होतं, तेही सडलं. आता उरलेल्या चार फांद्यांना वीतभर पांढरी मुळं सुटलीत आणि दर आठवड्याला नवीन पान येतंय. एंजेल मुळांमध्येच उभे असतात.

पाण्यातली झाडं म्हणून हॉर्नवर्टही टाकलं, 60 रुपयांची जुडी. ते भराभर वाढतं आणि दर रविवारी मूठभर कापून कुंडीत टाकते. कापून बाहेर काढलं तरच उपयोग, आत सडू दिलं तर घेतलेलं सगळं परत पाण्यात येतं. एकाने नदीवरची जलपर्णी आणून टाक म्हणून सुचवलं होतं, ती घरातल्या उजेडात जगत नाही आणि सोबत गोगलगायी, जळवा काय काय येतं, म्हणून नको म्हटलं.

टँक 30. काच आता दहा-बारा दिवसांनी पुसावी लागते.

11 ऑगस्ट

टँक 25, बदलाआधी. आठवड्याची वाढ आता 5 ते 7 च्या मध्ये आहे, त्यामुळे 10 लिटर एक दिवसाआड बंद करून रविवारी 25 लिटर एकदाच करतेय. टीडीएस 310 वर आलाय आणि मासे त्याला रुळलेत. ज्या दोन एंजेलच्या कडा झिजल्या होत्या त्यांना पारदर्शक नवीन पडदा फुटलाय, जवळून बॅटरीच्या उजेडात दिसतो. एका जोडीने फिल्टरच्या पाइपवर अंडी घातली होती, दुसऱ्या दिवशी खाल्ली.

बोअर परत मोजलं, 60 चं 65 झालंय. पावसाने ते कमी होईल असं सगळ्यांना वाटत होतं, आमच्याकडे तरी झालेलं नाही. कमिटीला परत आकडा दिला. वरच्या बाळाला अजून वेगळंच पाणी देतात.

5 सप्टेंबर

गणपतीला गावी जातोय, शेजारच्या काकूंकडे चावी. मागच्या वर्षी परत आलो तेव्हा टँक दुधासारखा पांढरा झाला होता, मायेने भरपूर घातलेलं होतं. यावेळी डबा कपाटात बंद आणि रोजच्या अर्ध्या ग्रॅमच्या कागदी पुड्या बांधून त्यावर वार लिहून ठेवल्यात. मंगळवारची पुडीच बांधली नाही, त्या दिवशी माशांचा उपास. कॅनमध्ये टॉपअपचं पाणी भरून ठेवलं.

15 सप्टेंबर

आलो. टँक 30, सगळे मासे जिवंत, एक पुडी उरलेली. काकूंनी सोबत दोन दिवस मोदकाचं पीठही घालून पाहिलं असं त्यांनी स्वतःच सांगितलं, कॉरींना आवडलं म्हणाल्या. सायफन करून 25 लिटर बदललं, संध्याकाळी 25.

आत्तापर्यंतचा खर्च: किट 1150, डिस्टिल्ड वॉटर आणि सिरिंज 100, पाऊच 650 (हे वाया), काटा 350, टीडीएस मीटर 300, ड्रम आणि प्लॅस्टिक 900, हॉर्नवर्ट 60. मनी प्लांट घरचाच. टँकमधून काढलेलं पाणी सगळं कुंड्यांना जातं, तुळस आणि मिरची त्यावर जोरात आहेत.

ड्रममध्ये साठवलेलं पावसाचं पाणी दिवाळीपर्यंत पुरेल असं वाटतंय. नंतर परत आरओ, तेव्हा मेंब्रेन बदललेलं असेल तर त्याचं पाणी पहिल्या दिवशीच मोजून इथे आकडा लिहीन.